स्वयंपाकघर नसलेली सोसायटी

बोरिवलीचं संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०० चौरस किलोमीटरहून मोठं आहे, असं मी सांगितल्यावर मेव्हण्याने विचारलं, “कार्पेट की बिल्ट-अप?” एवढी जागा मोकळी पडून आहे आणि तीत बिबटे राहतात, तेही मेंटेनन्स न भरता, हे त्याच्या जिवाला लागलं. मुंबईच्या माणसाला कुठेही न्या, तो आधी जागा मोजतो.

रविवारी उद्यानात शिरलं की सावलीसाठी मारामारी. प्रत्येक कुटुंबाने एक चपळ काकू पुढे पाठवलेली असते. ती झाडाखाली रुमाल टाकते, आणि लोकलच्या सीटवर टाकलेल्या रुमालाइतकाच मान जंगलातही त्या रुमालाला मिळतो. मग सतरंजी, डबे, बॅडमिंटन आणि “लांब जाऊ नका रे!” पोरांना पायडलच्या बोटीत बसायचं होतं. बोटीत पुढे मी आणि मेव्हणा. दोघांनाही सुकाणू आपल्याच हाती हवं असल्यामुळे आम्ही दहिसर नदीच्या पाण्यात बराच वेळ एकाच जागी गोल फिरलो. काठावरून सौ. टाळ्या वाजवत होती. कौतुकाच्या नव्हेत.

खरी मजा आली ती कान्हेरीला. उद्यानाच्या दारापासून इथल्या बौद्ध गुंफा सहा-सात किलोमीटर आत आहेत. बसमधून उतरलो आणि आत्याने पदर खोचला. आत्या कल्याणची. इथे शंभरावर गुंफा आहेत, त्या कोरायचं काम हजारेक वर्षं चाललं होतं, हे ऐकून ती म्हणाली, “आमच्या बिल्डरपेक्षा थोडा जास्त वेळ घेतला म्हणायचा.” पुढे ब्राह्मी शिलालेख दिसला. ह्या गुंफांसाठी दान देणाऱ्यांत सोपारा, नाशिक आणि कल्याणचेही लोक होते, अशी माहिती मी पुरवली. झालं! तिथून पुढे आत्या पाहुणी राहिलीच नाही. “आमच्या लोकांनी बांधलंय,” असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. दादरला गाडी बदलण्याची सोय नसताना ती माणसं इथवर आली, ह्याचा तिला विशेष अभिमान वाटला.

प्रत्येक गुंफेत ती फ्लॅट बघायला आल्यासारखी शिरत होती. पायऱ्या चढून ओसरी, मग हॉल, आत छोटी खोली, भिंतीला लागून दगडी बाक. “फर्निचरसकट आहे गं!” सौ.ला हाक गेली. “पण किचन कुठाय?”

भिक्षू भिक्षा मागून जेवत, असं मी म्हटलं.

“म्हणजे रोजचा स्वयंपाक नाही?”

“नाही.”

आत्या त्या बाकावर बसली ती उठेचना. अकरा नंबरच्या गुंफेत दोन लांबलचक बुटके दगडी बाक आहेत. तिथे सभा भरत असावी, नाहीतर पंगत बसत असावी, असे दोन तर्क आहेत. आत्याने पंगतीच्या बाजूने निकाल दिला. “सभेला एवढ्या ओळीत कोण बसतंय?” हे तिचं प्रमाण. मला तरी ते बिनतोड वाटतं.

काका मात्र जमिनीकडे बघत चालले होते. ते जलखात्यातून निवृत्त झालेत. ह्याच उद्यानातल्या विहार आणि तुळशी तलावांबद्दल (एक १८६० सालचा, दुसरा १८७९चा) ते घरच्या थोरल्या माणसांसारखं बोलतात. गुंफांच्या माथ्यावर, उघड्या कातळात, बोटभर रुंदीच्या पन्हळी खोदलेल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांतून गुंफेपुढच्या टाक्यात उतरतं. जवळजवळ प्रत्येक गुंफेला स्वतंत्र टाकं. काका गुडघ्यावर बसले, बाटलीचं झाकण उघडलं आणि पन्हळीत घोटभर पाणी सोडलं. पाणी क्षणभर एका खळग्यात थबकलं, वाळलेलं पान ओलांडून पुढे सरकलं आणि वळणावरून बरोबर टाक्याकडे गेलं. “उतार ठीक आहे,” काका म्हणाले. हजारो वर्षं रखडलेलं प्रमाणपत्र मिळालं.

मेव्हण्याने आमच्या सोसायटीत येणाऱ्या टँकरचा विषय काढला. काका म्हणाले, “ह्यांचा उतार बघायला कुणीतरी वर चढलं होतं. तुमच्याकडे गच्चीवर शेवटचं कोण गेलं?” मेव्हणा गप्प बसला. तो सोसायटीचा सेक्रेटरी आहे.

तुम्ही जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी उद्यान बंद असतं. कान्हेरीचं तिकीट वेगळं काढावं लागतं. पावसाळ्यात गेलात तर त्या पन्हळींतून पाणी वाहताना दिसेल, पण कातळ निसरडा असतो, चपला धड घाला. आणि डबा चेनच्या पिशवीत सुरक्षित राहील ह्या भ्रमात राहू नका. तिथल्या माकडांना चेन उघडता येते. आमच्या पुरणपोळ्या त्यांनी मोजून नेल्या आणि तुपाची वाटी तेवढी ठेवली.