एका फाईलवर बसलेल्या कंपनीस

वायफाय चिप बनवणाऱ्या कंपनीच्या परवाना विभागास,

'कृ. सा. न. वि. वि.' हा मायना मुद्दाम गाळला आहे. साष्टांग नमस्कार घालावा असं तुम्ही काही केलेलं नाही, आणि विनंत्या करकरून लोक केव्हाच थकले. म्हणून थेट मुद्द्यावर येते.

आमच्या तालुक्याच्या गावी स्पर्धा परीक्षा देणाऱ्या मुलामुलींची एक अभ्यासिका आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित सपोर्ट थांबवला. विंडोज ११ ला साधारण आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० लागतं. त्यामुळे चालते-बोलते लॅपटॉप लोक कपाटात टाकू लागले. त्यातलाच एक कुणीतरी अभ्यासिकेला दिला. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, डेबियन लिनक्स टाकलं, वर एक्सएफसीईचा हलका डेस्कटॉप. आवाज आला, कॅमेरा लागला, ब्राइटनेसची बटणं चालली, टचपॅडवर दोन बोटांनी पानही सरकू लागलं. कशालाच हात लावावा लागला नाही. वायफाय तेवढं बंद.

टर्मिनलमध्ये 'एलएसपीसीआय' दिलं, तर तुमची चिप नावानिशी यादीत हजर. मग 'डीमेसेज' वाचलं. ड्रायव्हर लोड झाला, त्याने फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, मागितलं, आणि पुढे लिहिलं होतं: एरर उणे २. म्हणजे मागितलेली फाईल जागेवर नाही. चिप धडधाकट, अँटेनाच्या तारा घट्ट, ड्रायव्हर तर स्वयंसेवकांनी लिहून कर्नलमध्येच ठेवलेला. नव्हती ती तुमची काही शे किलोबाइटची फाईल. मोबाइलवर काढलेला साधा फोटो तिच्यापेक्षा मोठा असतो.

आणि ती का नव्हती, हे तुम्हाला चांगलं माहीत आहे. चिपवर कायमची मेमरी देण्याचा खर्च तुम्ही वाचवला. त्यामुळे लॅपटॉप चालू केला की दर वेळी ड्रायव्हरने फर्मवेअर नव्याने चिपमध्ये भरायचं. ठीक आहे, भरू. पण ही फाईल तुमच्याशिवाय कुणी कुणाला द्यायची नाही, असं तुम्ही परवान्यात लिहून ठेवलंत. विंडोजच्या ड्रायव्हरच्या पोटात घालून तीच फाईल तुम्ही वर्षानुवर्षं फुकट वाटली. डेबियनने मात्र ती आपल्या इन्स्टॉलरमध्ये ठेवायची नाही! मग इंटरनेट चालायला फाईल हवी, आणि फाईल आणायला इंटरनेट हवं. शेवटी फोन यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करायचं, तुमचा जुना ड्रायव्हर शोधून उतरवायचा, एका वेगळ्या प्रोग्रामने त्यातून फर्मवेअर कापून काढायचं आणि योग्य फोल्डरमध्ये नेऊन ठेवायचं. तलाठी भरतीचा अभ्यास करणाऱ्या मुलीने हे सगळं का शिकावं? ट्रॅक्टर विकून चावी स्वतःच्या खिशात ठेवणाऱ्याला आमच्याकडे चावडीवर जाब विचारतात.

'डोंगल घ्या की, स्वस्त मिळतो,' असं सांगणारे भेटतात. पैसे मोजून घेतलेली चिप आत बसलेली असताना दुसरी का घ्यायची? कार्ड बदलावं म्हटलं तर काही लॅपटॉपांचा बायोस यादीबाहेरचं कार्ड दिसताच पुढे जायला नकार देतो. ती करामत लॅपटॉप कंपन्यांची. त्यांना वेगळं पत्र लिहावं लागेल.

तुमच्या बाजूचं उत्तर ठरलेलं आहे: वायफाय हा रेडिओ आहे, कुठल्या देशात कोणत्या लहरी किती ताकदीने सोडायच्या याचे नियम असतात, म्हणून फर्मवेअर उघडं करता येत नाही. नियम आहेत, ते पाळलेही पाहिजेत. पण फर्मवेअरचा सोर्स कोड तुमच्याकडे मागतंय कोण? तीच बंद फाईल, एक बिटही न बदलता, दुसऱ्याला देण्याची परवानगी मागतोय. न बदललेल्या फाईलने कुठल्या देशाचा नियम मोडतो? हे उत्तर वकिलांनी लिहिलेलं आहे, इंजिनिअरांनी नाही.

तुमच्याच धंद्यात याहून बरं वागलेले लोक आहेत. अथेरॉसने २००८ मध्ये आपल्या ११एन चिपांसाठी 'एथ९के' हा मुक्त ड्रायव्हर दिला. त्या चिपांना वरून फर्मवेअर भरावंच लागत नाही, म्हणून जुन्या लॅपटॉपवाले अजून ती कार्डं शोधत असतात. ब्रॉडकॉमच्या चिपांची माहिती मिळत नव्हती, तेव्हा स्वयंसेवकांनी दोन गट केले. एकाने बंद ड्रायव्हर उकलून चिप कशी वागते ते लिहून काढलं. दुसऱ्याने तो बंद कोड न पाहता, फक्त त्या टिपणांवरून नवा ड्रायव्हर लिहिला. २००६ मध्ये तो लिनक्समध्ये आला. किती चिकाटी लागली असेल याचा विचार करा, आणि तीही पगाराशिवाय. पुढे २०१० मध्ये ब्रॉडकॉमनेही काही चिपांसाठी स्वतःचा मुक्त ड्रायव्हर दिला. त्यांना जमलं.

डेबियनवाल्यांनीही काय कमी केलं? मुक्त सॉफ्टवेअरच्या तत्त्वासाठी १९९३ पासून ताठ उभी असलेली ही माणसं. तुमच्यासारख्यांच्या फाईलींवाचून नवख्या माणसाचा लॅपटॉप अडतो हे पाहून त्यांनी २०२२ मध्ये मतदान घेतलं आणि अमुक्त फर्मवेअरही अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवायचं ठरवलं. जून २०२३ मध्ये आलेल्या डेबियन १२ पासून ते तसं मिळतं. आपल्या तत्त्वाला त्यांनी मुरड घातली. त्यांनी दार उघडल्यावरही तुमची फाईल आत जाऊ शकत नाही, कारण वाटायची परवानगीच नाही. ज्या चिपचं उत्पादन तुम्ही केव्हाच बंद केलं, तिच्यावर तुम्हाला आता एक पैसाही मिळत नाही. मग राखताय काय?

आमच्याकडचा दुरुस्तीवाला त्या लॅपटॉपकडे बघून म्हणाला, 'मॅडम, भंगारात द्या.' त्याचा दोष नाही. त्याच्या दुकानात वायफाय नसलेलं यंत्र विकलं जात नाही. पण त्या यंत्रातला एकही भाग बिघडलेला नव्हता, हे तुमच्या विभागातल्या प्रत्येकाने लक्षात ठेवावं.

मागणी एवढीच आहे. उत्पादन बंद झालेल्या प्रत्येक चिपच्या परवान्यात एक वाक्य घाला: ही फाईल आहे तशी, न बदलता, कोणीही कोणालाही द्यावी. मग ती फाईल लिनक्स-फर्मवेअरच्या भांडारात पाठवून द्या. ड्रायव्हर आमचे लोक सांभाळतातच, तुमच्या इंजिनिअरला एक ओळसुद्धा लिहावी लागणार नाही. उत्तर वकिलाकडून नको, फाईल पाठवा.