शारदेचं लग्न

मुलीचं नाव शारदा ठेवताना आईबापांच्या डोळ्यांपुढे वीणा असते, पुस्तक असतं. पण या नावामागे हात धुऊन लागतं ते लग्न, आणि तेही क्वचितच सरळ.

आपल्याकडे याचं खापर नाटककार देवलांवर फोडावं लागेल. १८९९ साली त्यांचं ‘संगीत शारदा’ आलं. नवरदेव भुजंगनाथ, वयाने आजोबा शोभेल असा; बाप कांचनभट, पैशाला हपापलेला; आणि दोघांच्या मध्ये खटपट्या भद्रेश्वर दीक्षित. ऐन मंडपात कोदंड नावाचा तरुण हे लग्न मोडतो. कशावरून? तर वधूवर सगोत्र निघतात म्हणून! ज्या वयावर अख्खं नाटक उभं आहे, त्याबद्दल नुसती हरकत घेतली असती तर भटजींनी अंतरपाट खाली ठेवला असता असं मला वाटत नाही. गोत्र आडवं आलं, म्हणून पोर सुटली. समाज कशाला बिचकतो हे देवलांना बरोब्बर ठाऊक होतं.

पुढे १९२९ साली कायदा झाला: मुलगी किमान १४ वर्षांची, मुलगा १८ चा. त्याला लोक शारदा कायदा म्हणू लागले. नाटकावरूनच नाव पडलं असं वाटावं, पण ते विधेयक मांडणाऱ्या अजमेरच्या हरबिलास सारडांचं आडनाव. गंमत म्हणजे नवऱ्याच्या वयाला वरची मर्यादा त्यातही नव्हती. मुलीला १४ पुरी झाली की भुजंगनाथ खुशाल बोहल्यावर चढायला मोकळा!

बंगालातल्या शारदादेवींचं लग्न १८५९ सालचं. वधू ५ वर्षांची, वर २३ चा. पण वर निघाले रामकृष्ण परमहंस. त्यांनी पुढे बायकोला देवी म्हणून पाटावर बसवून तिची साग्रसंगीत पूजा केली. असा नवरा पत्रिका बघून मिळत नाही.

१९५७ च्या हिंदी ‘शारदा’त तर कहरच. राज कपूरचं जिच्यावर प्रेम, ती मीनाकुमारी शेवटी त्याच्या बापाशी लग्न करते. म्हणजे इथेही थोराड नवरा आलाच! बिहारच्या शारदा सिन्हा छठच्या गाण्यांसाठी घरोघरी पोचल्या, पण ‘हम आपके हैं कौन’मध्ये त्यांच्या वाट्याला आलं ते पाठवणीचं गाणं.

राहता राहिली दक्षिणेतली अभिनेत्री शारदा. मूळ नाव सरस्वती. बदलून घेतलं तेही त्याच देवीचं. अडूर गोपालकृष्णन यांच्या १९७२ च्या मल्याळम चित्रपटात ती मनाजोगता जोडीदार निवडते, घरच्यांना न जुमानता त्याच्याबरोबर निघून येते. या भूमिकेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चित्रपटाचं नाव ‘स्वयंवरम्’. फक्त त्यातल्या नायिकेचं नाव शारदा नाही, सीता आहे.