फॉरमॅट मारणारा माणूस

आमच्या नात्यागोत्यात माझी जी काही किंमत आहे ती ‘फॉरमॅट मारून देतो’ या वाक्यावर उभी आहे. शिक्षण, नोकरी, छापून आलेलं लेखन यांची नोंद तिथं कुणी घेतलेली नाही. लग्नकार्यात ओळख करून देताना ‘हे लेखक’ असं आजवर कुणी म्हटलं नाही. ‘हा कॉम्प्युटरचं सगळं बघतो’ असं मात्र म्हणतात आणि मी ओशाळल्याचा अभिनय करत मान हलवतो. ‘सगळं’ म्हणजे नेमकं काय, हे विचारणारा अजून भेटलेला नाही. देवाची कृपा.

त्यामुळं साताऱ्याच्या आत्याचा फोन आला की, “अरे, टॅब नुसता कंपनीचं नाव दाखवतोय, पुढं जातच नाही,” तेव्हा मला काळजी वाटायच्या आधी बरं वाटलं. बऱ्याच दिवसांत कुणी बोलावलं नव्हतं. हल्ली लोकांचे कॉम्प्युटर बिघडत नाहीत, किंवा मला न कळवता बिघडतात.

बोलावणं येणं म्हणजे काय असतं, हे ज्यांनी विंडोज एक्सपीचा जमाना पाहिला नाही त्यांना सांगून कळणार नाही. तरी सांगतो.

२००१ मध्ये एक्सपी आलं आणि पुढची दहाएक वर्षं घरोघरचे कॉम्प्युटर नेमानं जाम होत राहिले. मी सीडी घेऊन जायचो. तिच्यावर निळ्या मार्करनं पंचवीस अक्षरांची किल्ली लिहिलेली. सीडी आली कुठून याची चौकशी त्या काळी कुणी करत नसे. आपणही आता करू नये. ती किल्ली मला अजून पाठ आहे. अथर्वशीर्ष म्हणताना मी मध्येच अडतो आणि बाकीच्यांच्या आवाजात नुसते ओठ हलवतो, पण ती पंचवीस अक्षरं मला झोपेतून उठवून विचारा.

निळ्या पडद्यावर एफ-८ दाबून करार मान्य करायचा. (तो करार अखंड वाचलेला माणूस पृथ्वीवर असेल तर त्याच्याशी बोलायला मला आवडेल.) सी ड्राइव्ह पुसायचा. डी ड्राइव्हला हात लावायचा नाही, कारण डीमध्ये मुंजीचे फोटो असत. मग यथावकाश डाव्या कोपऱ्यात ती ओळ उमटायची: अंदाजे ३९ मिनिटं बाकी.

ती ३९ मिनिटं हे माझ्या आयुष्यातलं सुवर्णयुग. पडद्यावरचं मिनिट आणि भिंतीवरच्या घड्याळातलं मिनिट यांचा एकमेकांशी संबंध नसायचा. ३४ वर आलं की ते तिथंच बैठक मारायचं. घरातली माणसं आधी पडद्याकडं आणि मग माझ्याकडं अशा नजरेनं बघत, जणू आत चाललंय ते मीच करतोय. मी काहीही करत नसे. त्या टप्प्यावर माणसाला करण्यासारखं काही नसतंच. मध्ये एकदा देश विचारतात, एकदा ती किल्ली, एकदा वेळ विचारतात, संपलं. पण मी अधूनमधून ‘हं’ म्हणायचो. हा ‘हं’ फार महत्त्वाचा. ‘हं’ म्हणताना भुवया किंचित जवळ आणायच्या आणि लगेच सोडायच्या. घरातला कर्ता पुरुष खुर्चीच्या कडेला सरकून विचारायचा, “काय झालं?” मी म्हणायचो, “नाही, होतंय.” एवढ्यावर पोहे यायचे.

पोह्यांवरून मला बिघाडाची खोली कळू लागली होती. नुसते कांदेपोहे म्हणजे कॉम्प्युटर मुलाचा, आत गेम्स. वर ओलं खोबरं आणि लिंबाची फोड असेल तर घरात धंदा आहे आणि आत टॅली आहे. आणि पोह्यांच्या मागोमाग साजूक तुपातला शिरा आला, तर समजायचं की डी ड्राइव्हसुद्धा उडालेला आहे आणि ते यांनी मला अजून सांगितलेलं नाही.

शेवटी ती हिरवी टेकडी आणि तिच्यावरचं निळं आकाश उजाडायचं. तो फोटो चार्ल्स ओ’रिअर नावाच्या छायाचित्रकारानं जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात काढलेला. आमच्या ओळखीतल्या एका काकांनी मात्र तो पाचगणीचा टेबललँड आहे असं ठरवून टाकलं होतं. पावसाळ्यानंतर असाच दिसतो म्हणाले. त्यांच्याकडचा शिरा नुकताच खाल्लेला असल्यामुळं मी कॅलिफोर्नियाचा विषय काढला नाही.

८ एप्रिल २०१४ ला एक्सपीचा आधार रीतसर काढून घेतला गेला. माझा काढून घेतला तेव्हा तारीखसुद्धा जाहीर झाली नाही.

तर आत्या. मुलींच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली, त्यामुळं समोर बसलेल्याकडं ती अजूनही वहीत काय लिहिलंय अशा नजरेनं बघते. टॅब तिच्या मुलानं घेऊन दिलेला. त्यावर ती पंचांग बघते, कीर्तनं ऐकते, आणि पत्रं लिहिते. ईमेल नव्हे, पत्रं. वर ‘सप्रेम नमस्कार वि. वि.’ आणि खाली ‘कळावे, लोभ असावा’ असलेली.

मी टॅब हातात घेतला, ‘हं’ म्हटलं. तिनं विचारलं, “घसा धरलाय का?”

बंद टॅबचं आवाज वाढवायचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धरलं की रिकव्हरी नावाचं तळघर उघडतं. तिथं हिरवा यंत्रमानव उताणा पडलेला असतो, पोट उघडं, वर लाल त्रिकोण. “अगंबाई, याला काय झालं?” आत्या कळवळली. मी म्हटलं, काही नाही, तो नेहमीच असा असतो. मग यादी आली. इथं पडद्याला बोट लावून उपयोग नसतो, आवाजाच्या बटणांनी खाली-वर जायचं. मी ‘फॅक्टरी रीसेट’वर आलो आणि बटण दाबलं.

जुन्या अँड्रॉइडनं या जागी एक खास गंमत करून ठेवली होती. ‘सगळं पुसू का?’ याला उत्तर म्हणून पडद्यावर अकरा ओळी येत. पहिल्या सात ओळींत ‘नो’. आठव्या ओळीत ‘येस, सगळा डेटा पुसा’. त्याच्याखाली आणखी तीन ‘नो’. अंगठा घसरून कुणाचं सर्वस्व जाऊ नये म्हणून. आपल्याकडं पंगतीत पाहुणा ‘नको, नको, नको’ म्हणत जातो आणि शेवटी ताट हळूच पुढं सरकवतो, तीच ही पद्धत. कुणा प्रोग्रामरच्या डोक्यात ती कुठून आली कोण जाणे. मी एकेक ‘नो’ ओलांडत खाली निघालो. आत्या चष्मा कपाळावरून खाली घेऊन मोठ्यानं वाचत होती. “नो, नो, नो... अरे, इतक्यांदा नाही म्हणतोय तर कशाला करतोस?”

“आत्या, त्याशिवाय चालू नाही होणार.”

“आणि फोटो?”

“ते सुरक्षित आहेत. वर आहेत.”

“वर म्हणजे?”

क्लाउड समजावून सांगायचा कंटाळा आला म्हणून मी बोट नुसतं छताकडं केलं. आत्यानं छताकडं पाहिलं. आठवी ओळ आली, मी बटण दाबलं.

टॅब पुन्हा त्याच नावावर येऊन थांबला.

त्याचं कारण असं. फॅक्टरी रीसेट पुसतं ते आपण साठवलेलं. मूळ प्रणाली दुसऱ्या कप्प्यात असते, तिला ते हात लावत नाही. आणि इथं बिघाड त्या कप्प्यातच होता. टॅब कित्येक दिवस ‘अपडेट करू का’ विचारत होता, आत्या नाही म्हणत होती, शेवटी एका संध्याकाळी हो म्हणाली. नेमकी लाइट गेली होती. म्हाताऱ्या बॅटरीनं चाळीस टक्के दाखवत दाखवत अचानक मान टाकली आणि नवी प्रणाली अर्धी लिहून राहिली. पुढं, २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून, प्रणालीच्या दोन प्रती ठेवायची सोय निघाली. एक लिहिताना बिघडली तर यंत्र दुसरीवर चालू होतं. आत्याच्या टॅबला तेवढं आयुष्य लाभलेलं नव्हतं. तो किटकॅट होता. हे तिला सांगितल्यावर आणखी खुलासा करावा लागला, की ही अँड्रॉइडवाली मंडळी आवृत्त्यांना गोडाधोडाची नावं देतात.

“मग कंदी पेढा?”

नाही म्हटलं. तिनं अमेरिकेविषयीचं आपलं मत तिथल्या तिथं कायम केलं. (पुढं २०१८ मध्ये ‘पी’ अक्षराची पाळी आली तेव्हाही साताऱ्याची संधी हुकली, नाव ‘पाय’ ठेवलं. पुढच्याच वर्षी त्यांनी गोड नावं सोडून नुसते आकडे धरले. आत्याच्या मते हा नियतीचा न्याय आहे.)

आता लॅपटॉप जोडून मूळ प्रणाली नव्यानं लिहिणं भाग होतं. त्याला फ्लॅश करणं म्हणतात आणि दुकानात ‘सॉफ्टवेअर मारणं’. त्यासाठी अचूक मॉडेल नंबर लागतो. तो मागच्या बाजूला करड्यावर करड्या अक्षरात छापलेला असतो, आणि त्यावर आत्यानं गजानन महाराजांचं स्टिकर लावलेलं. ते काढायची माझी हिंमत झाली नाही, खोका शोधला. माळ्यावर सापडला, त्यात लोकर होती. मग कळलं की घरातली केबल नुसती चार्जिंगची आहे. चारपैकी वीज नेणाऱ्या दोनच तारा तिच्यात, माहिती नेणाऱ्या दोन नाहीतच. बाहेरून दोन्ही केबली सारख्या दिसतात. ज्यानं कुणी हे केलं त्याला रिकव्हरीतल्या त्या यंत्रमानवाशेजारी झोपवायला हवं.

पोवई नाक्यावरच्या एका दुकानात गेलो. काउंटरमागचा मुलगा मोबाईलवरून डोळे न काढता म्हणाला, “सॉफ्टवेअर मारायचंय का काका? ठेवून जा, संध्याकाळी न्या. डेटा जाईल, चालेल?”

काका! मी जरा ताठ होऊन म्हटलं, “मी स्वतःच मारतो.” त्यानं मान वर केली, माझ्याकडं पाहिलं, केबल दिली, आणि सुटे परत करताना म्हणाला, “नाही झालं तर या. आठपर्यंत आहे मी.” या मुलाला त्याच्या आयुष्यात कुणी पोहे दिले नसणार.

तर दीड जीबीची फाइल उतरवली, ड्रायव्हर टाकला, टॅब आणि लॅपटॉप यांची एकदाची ओळख पटली आणि निळी पट्टी सरकू लागली. मी ‘हं’ म्हणायचं टाळलं. शेवटी चौकट हिरवी झाली आणि आत अक्षरं आली: पास.

“किती मार्कांनी?” आत्यानं विचारलं.

त्याचं उत्तर लगेच देता येईना, कारण पहिल्यांदा चालू होताना टॅबला सगळी ॲप्स नव्यानं जुळवून घ्यायची असतात आणि तेवढा वेळ पडद्यावर काय दिसतं, तर कंपनीचं नाव. यश आणि अपयश हुबेहूब एकसारखं दिसतं. त्या काळात मी जी स्तोत्रं अर्धवट येतात ती सगळी अर्धवट म्हटली.

आणि टॅब उघडला. पासवर्ड गेल्या वर्षीच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर, दुधाच्या हिशेबाला लागून होता. ते पान कपाटाच्या खणात अंथरलेलं होतं. पंचांग आलं, कीर्तनं आली, फोटो छतावरून खाली उतरले, पत्रं जिथल्या तिथं. मी खुर्चीत मागं रेललो आणि कौतुकाची वाट पाहू लागलो.

आत्यानं तिच्या ओळखीच्या माईंना पत्र लिहायला घेतलं आणि दोन ओळींत थांबली. “हा मला ओळखत नाही रे.”

कीबोर्ड आपण वापरतो ते शब्द आणि कोणत्या शब्दामागून कोणता येतो हे ध्यानात ठेवत जातो. तिच्या टॅबवर ही नोंद आतच होती, आठव्या ओळीबरोबर ती गेली. आत्यानं तो कीबोर्ड वर्गातल्या मुलीसारखा घडवला होता. ‘सप्रेम’ म्हटलं की ‘नमस्कार’ पुढं करायचा, माईंचं नाव आलं की ‘गुडघे’ सुचवायचा.

“आणि ‘अ’ काढला की अण्णा म्हणायचा,” ती म्हणाली. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचा धाकटा भाऊ. “मग ‘गोळी’. मग ‘घेतलीस’. मग ‘का’. तो गेल्यावरसुद्धा म्हणायचा. आधी फार राग यायचा मला, मग सवय झाली. आता ‘अ’ काढला की अमेरिका म्हणतोय.”

“शिकेल परत,” मी म्हटलं.

“शिकेल की. पण ते वाक्य कुणाला लिहून शिकवू?”

मला त्या अकरा ओळींचा राग आला. दहादा नको-नको करून घेतलं, आणि जाणार काय आहे ते एका ओळीतही सांगितलं नाही. ‘सगळा डेटा’ म्हणे. मी इतकी वर्षं लोकांना “महत्त्वाचं काही आहे का यात?” असं विचारत आलोय, आणि लोक फोटो, टॅली, मुलाचा प्रोजेक्ट एवढंच सांगत आले. त्यांनी तरी आणखी काय सांगायचं? आत्याला विचारलं असतं तरी तिनं ‘अण्णा, गोळी घेतलीस का’ असं थोडंच सांगितलं असतं.

ती मात्र तोवर कामाला लागली होती. कीबोर्डनं ‘गुडघे’च्या जागी ‘गुड मॉर्निंग’ सुचवलं तेव्हा तिनं त्याला “लक्ष कुठंय तुझं?” असं विचारलेलं मी स्वयंपाकघरातून ऐकलं. पत्र बाजूला ठेवून शेवटी तिनं माईंना फोनच लावला.

“अगं, काही नाही, चार्जिंग संपलं होतं. भाचा आलाय ना, त्यानं लावून दिलं.”

मी तरातरा बाहेर आलो. फ्लॅशिंग, ड्रायव्हर, दीड जीबी, चार तारांची केबल, हे सगळं माईंच्या कानावर घालायचं म्हणून तोंड उघडलं आणि तसाच उभा राहिलो. अपडेट अर्ध्यावर तुटलं कशानं? चार्जिंग संपल्यानं. अख्ख्या प्रकरणाचं इतकं नेमकं निदान मलासुद्धा करता आलं नसतं. पलीकडून माई काहीतरी बोलल्या. आत्यानं फोनवर हात ठेवून मला विचारलं, “त्यांचाही मोबाईल सकाळी उठावं तर बंद असतो म्हणतात. जाता जाता बघशील का?”