तीन चाकांचे जावईबापू

आमच्या जावईबापूंना बाबागाडी घ्यायची होती. तुम्हाला वाटेल, दुकानात गेले, पसंत केली, घेऊन आले. तसं झालं असतं तर मी लिहायला कशाला बसलो असतो? लेकीला सातवा लागला तेव्हा शोध सुरू झाला आणि गाडी घरात आली तोवर नात पालथी पडून, पोटावर सरकून, दाराशी ठेवलेली माझी चप्पल चाखून मोकळी झाली होती.

या जातीचे बाप हल्ली पुण्यात रविवारी सकाळी दिसतात. मी त्यांना टेकडीबाप म्हणतो. ओळखायला सोपे. अंगात घाम न धरणारा टी-शर्ट, पाठीवर नळीने पाणी प्यायची पिशवी, गुडघ्याशी चेन असलेली आणि वाटेल तेव्हा अर्धी होणारी विजार. लग्नाआधीचे यांचे शनिवार-रविवार राजगड-तोरण्यावर खर्ची पडलेले. मुलीला ‘जरा चालून दाखव’ म्हणायची पद्धत आमच्या पिढीने मोठ्या कष्टाने मोडीत काढली. या लोकांनी ती सिंहगडाच्या पायवाटेवर नेऊन पुन्हा चालू केली. आमची लेक न थांबता वर गेली, वर जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली आणि लग्न ठरलं.

टेकडीबापाचा मूळ सिद्धांत असा, की मूल झालं म्हणून डोंगर सुटता कामा नये. आमचंही मूल झालं तेव्हा काही सुटलं नव्हतं म्हणा. पण त्याचं कारण वेगळं होतं. लेक तान्ही असताना मी तिला दिवसातून किती वेळ घ्यायचो, हे आमच्या हिला विचारू नका. ती मिनिटांत सांगते.

तर जावईबापूंनी तक्ता केला. आडव्या ओळीत गाड्या, उभ्या ओळीत गुण: वजन, चाकांचा व्यास, रुंदी, ब्रेक, घडी, डिकीत मावते का. प्रत्येक गुणाला वेगळे मार्क. बारावीच्या निकालाला घरात एवढी आकडेमोड झाली नव्हती. लेकीने शांतपणे शेवटी एक रकाना वाढवला: ‘एका हातात बाळ असताना मला एकटीला घडी घालता येते का?’ त्या रकान्यात निम्म्या गाड्या नापास झाल्या. जावईबापू त्या रकान्याचे मार्क कमी करायच्या विचारात होते, पण लेक त्याच खोलीत होती.

किमतीचं विचाराल तर माझ्या लूनापेक्षा जास्त. लूनाला दोन चाकं होती, हिला तीन, असं मनाला समजावलं. लूनाला इंजिनही होतं, हे मात्र बोललो नाही. सासऱ्याने काही गोष्टी गिळायच्या असतात.

जेवताना इतिहास ऐकावा लागे. ‘बाबा, 1733 साली विल्यम केंटने इंग्लंडमध्ये ड्यूक ऑफ डेव्हनशायरच्या मुलांसाठी शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली. तिला बकरी किंवा तट्टू जुंपायचे.’

‘आणि शेणाचं कोण बघायचं?’ हिने विचारलं आणि आमटी वाढली.

दुसऱ्या दिवशी ओवेन मॅक्लारेन. स्पिटफायर लढाऊ विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला हा इंजिनिअर. नातीची बोजड गाडी उचलताना मुलीचे हाल बघितले आणि ॲल्युमिनियमच्या नळ्यांची, छत्रीसारखी मिटणारी गाडी काढली. पेटंटचा अर्ज 1965 सालचा. हा माणूस मला एकदम पटला. आजोबा होता, हे पहिलं कारण. दुसरं म्हणजे विमान जमिनीवर आदळताना जे होतं तेच बाळाला होऊ नये, हा हिशेब कारखान्यातल्या माणसालाच सुचणार. पण जावईबापूंनी नेमकी तीच छत्रीगाडी बाद केली. म्हणाले, ‘मॉलच्या फरशीला ठीक आहे. तिची चाकं बाकरवडीएवढी.’ त्यांना हवी होती अमेरिकेत निघालेली जात. तिकडे 1980च्या दशकात धावण्याचं वेड असलेल्या एका बापाने जुन्या बाबागाडीला सायकलची चाकं बसवली आणि पोराला पुढे घालून धावायला लागला. टेकडीबापांचं कूळ तिथून सुरू होतं.

मग इंग्लंडमधल्या शेफील्डच्या मित्राला फोन. तो कोथरूडचाच. आता शनिवार-रविवार पीक डिस्ट्रिक्टमध्ये पोराला घेऊन फिरतो. त्याने वेगळंच दुःख सांगितलं. तिकडे पायवाटा कुरणांमधून जातात आणि प्रत्येक कुंपणाला माणूस जाईल पण गुरं जाणार नाहीत अशी युक्ती केलेली असते. कुठे ओलांडून जायच्या लाकडी पायऱ्या, कुठे कमानीत अडकून हेलकावणारं फाटक. फाटकाच्या हिशेबात बाबागाडी म्हणजे गायच. मग बाप पोर काढतो, गाडी डोक्यावर घेतो, पलीकडे उतरतो, पोर पुन्हा बांधतो आणि शंभर पावलांवर पुढचं कुंपण येतं. शेवटी तिथल्या लोकांनी अशा पायऱ्या नसलेल्या वाटा निवडून ‘माइल्स विदाउट स्टाइल्स’ नावाने त्यांची वेगळी यादी केली. जुन्या रेल्वेमार्गाची वाट केलेली आहे, मॉन्सल ट्रेल, तिच्यावर बोगद्यातूनसुद्धा गाडी ढकलत नेता येते. हे ऐकून जावईबापूंनी तक्त्यात ‘गाडी डोक्यावर घेता येणे’ असा रकाना घातला. वेताळ टेकडीवर गुरांचं फाटक नाही, हे मी सांगितलं. ‘उद्या झालं तर?’ म्हणाले.

तीन चाकं की चार, यावर दोन आठवडे गेले. हिने निकाल देऊन टाकला होता: पांगुळगाड्याला तीन चाकं असतात, चुलीला तीन दगड असतात, यात विचार करायचं काय? तसं बघितलं तर खरंच आहे. तीन टेकू कशाही जमिनीवर डुगडुगत नाहीत, चौथा आला की एक कुठेतरी अधांतरी राहतो. पण मी रिक्षा बघितलेल्या आहेत. तीन चाकांचं भांडण खड्ड्याशी नसतं, वळणाशी असतं. शिवाय खडबडीत वाटेवर पुढचं चाक मोकळं सोडलं तर बाजारातल्या बैलासारखं वाटेल तिकडे बघतं. तिथे ते सरळ कुलूपबंद करता आलं पाहिजे आणि दुकानाच्या फरशीवर पुन्हा सुटलं पाहिजे. जावईबापूंना हे सगळं माहीत होतं. त्यांना कुणीतरी तेच पुन्हा म्हणायला हवं होतं.

खरी चकमक हवेवरून उडाली. भरीव फोमची चाकं पंक्चर होत नाहीत, पण दगडाची खबर थेट बाळाच्या मणक्याला देतात. हवेची चाकं दगड पोटात घालतात, पण टेकडीवर बाभूळ आहे, हिवर आहे, बोरी आहे. जावईबापूंनी हवेच्या बाजूने कौल दिला. बारा इंची चाकं. पंप बरोबर ठेवायचा म्हणाले. पंप घरी राहणार, हे मला तेव्हाच दिसत होतं.

गाडी आली. आमच्या हिने खोका ठेवून घेतला, गाडीकडे नंतर बघितलं. बालरोगतज्ज्ञांनी आधीच सांगितलं होतं, मान नीट धरल्याशिवाय आणि आधाराने बसायला लागल्याशिवाय खडबडीत वाटेवर नेऊ नका. नात आठ महिन्यांची, मान कधीच धरलेली. तरी पहिली फेरी बाळाविना झाली. नातीचं वजन साडेसात किलो, म्हणून साडेसात किलो बटाटे.

टेकडीही नेमकी निवडली होती. वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, देशभरच्या मोटारी-ट्रक पास-नापास करणारी संस्था, 1966 पासूनची. पौड रस्त्याकडून तिच्यापर्यंत डांबरी रस्ता चढतो. तिच्या फाटकासमोरून जावईबापू अशा चेहऱ्याने गेले, की आत बोलावतील तर आपली कागदपत्रं तयार आहेत. डांबर संपलं, मुरूम लागला. पोत्याला पाच टोकांचा पट्टा बांधलेला, बटाटे उसळून पडू नयेत म्हणून वरून नातीचं दुपटं गुंडाळलेलं, कुशीत हादरे मोजणारा मोबाईल. उतारावर गाडी सुटू नये म्हणून दांड्याचा पट्टा यांच्या मनगटात. मागे मी.

समोरून एक काकू आल्या, काठी टेकत. थांबल्या. ‘अगंबाई, एवढ्या सकाळी आणलंत बाळाला! बघू, कुणावर गेलंय?’

‘तळेगाववर,’ मी म्हणालो.

काकूंनी दुपट्याचं टोक उचललं. बघितलं. परत नीट पांघरून ठेवलं. ‘चांगलं गुटगुटीत आहे,’ म्हणाल्या आणि चालू लागल्या. अशी माणसं टेकडीवर आहेत म्हणून मी गुडघे दुखत असतानाही जातो.

जावईबापूंचा मोबाईल मात्र नाराज होता. आलेख करवतीच्या दातांसारखा. एवढे पैसे मोजून घेतलेल्या स्प्रिंगा हलायलाच तयार नव्हत्या. आता माझी पाळी होती. मी दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये 31 वर्षं पाटे बदलले. बसच्या आसावर बसवलेल्या त्या लोखंडी कमानी. रिकामी एसटी खड्ड्यात आपटते आणि भरलेली झुलत जाते, हे फलटणला जाणाऱ्या कुठल्याही म्हातारीला माहीत आहे. पाटा भरल्या गाडीसाठी बनवलेला असतो. या गाडीच्या स्प्रिंगाही दोन-तीन वर्षांच्या दणकट पोराचा विचार करून बसवलेल्या. साडेसात किलोची त्यांना दखलच नव्हती.

‘खालच्या टोपलीत वजन टाका,’ मी म्हणालो. ‘स्प्रिंग बसेल आणि वळणावर गाडी कलंडायचीही नाही. दांड्याला मात्र पिशवी अडकवायची नाही. बाळ उचललं की गाडी मागे उताणी.’

जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. लग्नाला चार वर्षं झाली, पण सासरा म्हणून माझी नेमणूक त्या मिनिटाला कायम झाली असावी. तेव्हापासून बटाटे खालच्या टोपलीत असतात. आमच्याकडचा बटाटा दर रविवारी टेकडी चढतो, उतरतो आणि सोमवारी त्याची भाजी होते.

पुढच्या रविवारी नातीची स्वारी निघाली, आजीसुद्धा बरोबर. टोपरं, मोजे, दुपटं, आणि आमच्या हिने चाकाजवळ लावलेली काजळाची तीट. गाडी खरोखर सुरेख चालली. मुरमावरून, दगडावरून, गिरिपुष्पाच्या मुळांवरून. वर झाडांची सावली, खाली खाणीतलं पाणी. जावईबापू हळूच तिच्याशी बोलत होते, ‘ते बघ, ते बघ.’ कुठेतरी मोर ओरडला. नातीने मोजा काढला. लांब खाली पाषाणची वस्ती दिसायला लागली. नातीने दुसरा मोजा काढला. पहिला शोधायला मी दोन वळणं मागे गेलो. परत आलो तर ती मांडीवरच्या पट्ट्याचा बकल चोखत होती आणि बाप तिला क्षितिज दाखवत होता.

उतरताना फुस्स झालं. पुढचं चाक. बाभळीचा काटा, माझ्या करंगळीएवढा. पंप घरी होता.

मी काही बोललो नाही. हिने शाल काढली, नातीला कडेवर घेऊन शालीने स्वतःच्या कमरेला घट्ट बांधलं आणि झपाझप खाली निघाली. जावईबापू मागून बटाटे ढकलत आले. लंगडी गाडी, जड मन.

पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला, पंक्चरचं दुकान. दुकान म्हणजे एक छत्री, एक कॉम्प्रेसर आणि झाडाला टांगलेला टायर. पोरगा विशीतला. त्याने गाडी उलटी केली, चाक फिरवून बघितलं. ‘साहेब, ही कुठली? इलेक्ट्रिक?’ ट्यूब बाहेर आली. तो म्हणाला, पोरांच्या छोट्या सायकलची असते तीच ही. जावईबापूंचा चेहरा जरा पडला.

त्याने ट्यूबमध्ये हवा भरली आणि काळ्या पाण्याच्या घमेल्यात ती इंच इंच फिरवायला लागला. पाणी शांत. पुन्हा शांत. मग बुडूक. एक बुडबुडा वर आला, पाण्यावर थांबला, फुटला. त्याच्या मागे बारीक मण्यांची माळ.

नात आजीच्या कडेवरून वाकली. डोळे एवढाले. मग जी खिदळली, की कॉम्प्रेसरपाशी निजलेलं कुत्रं उठलं. प्रत्येक बुडबुड्याला हात आपटायची, अंग पुढे टाकायची. पोरगाही चेकाळला. ट्यूब दाबायचा, सोडायचा. मोर, खाण, सावली, क्षितिज यांपैकी कशालाही एवढी दाद मिळाली नव्हती.

मग त्याने ट्यूब पुसली, घासली, सोल्यूशन लावलं, ठिगळ ठोकलं, पुन्हा पाण्यात धरलं. पाणी गप्प. ‘झालं, साहेब.’

नातीचा खालचा ओठ बाहेर आला.

जावईबापू उकिडवे बसले. घमेल्याकडे बघितलं, पोरीकडे बघितलं. ‘दादा, तो वॉल्व्ह जरा पाण्यात धरून दाबता का?’

‘पंक्चर निघालंय साहेब, उगाच हवा जाईल.’

‘जाऊ दे,’ जावईबापू म्हणाले. ‘पैसे वेगळे देतो.’

पोराने माझ्याकडे बघितलं. मी तोवर त्याचं स्टूल ओढून घमेल्याजवळ घेतलं होतं.

‘दाब रे,’ मी म्हणालो.