आधी आर्यन, मग वाहनतळ
रविवारी आमच्या गल्लीतल्या टॉकीजला सहाचा खेळ लागला, की बाहेर दुसरा खेळ सुरू होतो. पावणेसहालाच समोरचे काका सिमेंट ओतलेला रंगाचा डबा, त्यात रोवलेली काठी आणि काठीवर जुना लाल मोजा असा सरंजाम फाटकापुढे मांडतात. पाटी आहेच: 'गाडी लावल्यास हवा सोडली जाईल. पंप मागू नये.' आज तारीख सम की विषम, बाजू पी-वनची की पी-टूची, यावर प्रेक्षकांचं एकमत होईतो आत मध्यंतर झालेलं असतं. काकांची स्वतःची गाडी? तीही रस्त्यावरच. पण ती 'लावलेली' नसते, ती 'असते'.

काका आता महापालिकेला अर्ज देणार म्हणतात. मी म्हटलं, अहो, पुण्याने गाड्या लावायचा हा प्रश्न कधीच सोडवलाय. मंडईजवळचं आर्यन म्हणजे शहरातलं पहिलं कायमचं चित्रपटगृह, १९१५ सालचं. १९८३ मध्ये ते पाडलं आणि तिथे वाहनतळ झाला. मिनर्व्हा टॉकीजच्या जागीही गाड्याच. गाडी लावायची सोय झाली. लावून बघायचं काय, ते ज्याचं त्याने ठरवावं.

काका विचारात पडले. मग म्हणाले, "तिथे मासिक पास मिळतो का हो?"