रूटसाहेबांना तरी आत घ्या!

आदरणीय पोर्टलकर्ते साहेब,

सा. न. वि. वि.

आपलं नाव ठाऊक नाही, त्याबद्दल क्षमा असावी. आपलं लेखन मात्र पाठ झालं आहे. गेले सहा दिवस मी आणि माझे बाबा सेलू तालुक्यातल्या आमच्या गावाहून सेवा केंद्रात येतो आणि आपण लिहिलेलं एकच वाक्य वाचून परत जातो: ‘डेटाबेस कनेक्शन एरर’.

“हा डेटाबेस कोन व्हय बे?” बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं. सगळ्यांच्या नोंदी सांभाळणारा, असं मी सांगितलं. “मंग थो जेवाले गेला असन. बसू.” बसलो. ऐन कापूसवेचणीत चार तास पंख्याखाली बसण्याचं सुख आपल्यामुळेच लाभलं.

वेळ मिळाला म्हणून केंद्रातल्या पोराकडून थोडं शिकूनही घेतलं. मायएसक्यूएल नावाचा डेटाबेस मूळ मांडणीत एकावेळी 151 जोडण्या घेतो. वर एक खुर्ची कारभाऱ्यासाठी राखीव. बाकी आले की ‘टू मेनी कनेक्शन्स’ म्हणून दार बंद. यात त्या बिचाऱ्याचा काय दोष? हिंगणघाटच्या यार्डातही वजनकाटे मोजकेच असतात. पण गाड्या वाढल्या की तिथे टोकन देतात, रांग लावतात, फारच झालं तर ‘आवक बंद, अमुक वारी या’ असा फलक लावतात. आपण असल्या गावंढळ प्रथा मोडीत काढल्या. आपला फलक एवढंच म्हणतो, ‘पुन्हा प्रयत्न करा’. आणि आम्हाला बोट हलवायचेही कष्ट नकोत म्हणून पान दर पाच सेकंदांनी आपणहून दारावर धडका देतं. जिल्हाभरातली सगळी पानं, एकदम. गर्दी ओसरू नये यासाठी याहून चोख व्यवस्था मला तरी सुचत नाही. दर खेपेला थोडं जास्त थांबायचं आणि प्रत्येकाने वेगवेगळ्या वेळी यायचं, एवढं पानाला शिकवता येतं म्हणे. आपण त्याला संस्कारांत अडकवलं नाही.

तिसऱ्या दिवशी तर आपण मन मोकळं केलंत. ‘रूट या वापरकर्त्याला प्रवेश नाकारला, पासवर्ड वापरला: होय’ असं पडद्यावर इंग्रजीत झळकलं. माहिती अधिकारात दहा रुपये भरून 30 दिवस वाट पाहावी लागते. आपण डेटाबेसच्या सर्वाधिकारी खात्याचं नाव आणि आतल्या फाइलचा पत्ता चव्हाट्यावर फुकट मांडलात. चोरालाही अर्ध्या वाटेवर दिवा दाखवण्याइतकं आपलं मन मोठं. बाबांना मी समजावलं की रूट म्हणजे तिथला सगळ्यात मोठा माणूस. ते हसले. “त्यालेच आत घेत नाई, तं आपल्याले कोन घेते?”

पण आपली खरी करामत डोळ्यांना दिसतच नाही. प्रत्येक पानासोबत एक आकडा जातो. 503 म्हणजे सेवा तूर्त बंद, आणि त्यासोबत किती वेळाने यायचं तेही सांगता येतं. आपलं एररचं पान 200 हा आकडा घेऊन येतं. 200 म्हणजे सगळं ठीक! देखरेखीच्या यंत्राला आकडाच वाचता येत असेल, तर वरच्या अहवालात पोर्टल अखंड चालू. इकडे बाबा बाकावर.

यात आपण एकटे नाही, परंपरा थोर आहे. 2017 च्या कर्जमाफीत ऑनलाइन अर्जांची मुदत 15 सप्टेंबरवरून 22 वर न्यावी लागली. 16 जुलै 2021 ला दहावीचा निकाल लागला आणि निकालाची संकेतस्थळं कित्येक तास मान टाकून पडली. 2023 मध्ये एक रुपयाच्या पीकविम्यासाठी 31 जुलैची तारीख 3 ऑगस्ट झाली. गर्दी कधी येणार हे तारखेनिशी ठाऊक असताना दरवेळी चकित होणं, यालाच निरागसपणा म्हणत असावेत.

इथून जवळच सेवाग्राम आहे. सवड काढून या. लॉर्ड लिनलिथगो व्हाइसरॉय असताना गांधीजींशी बोलता यावं म्हणून तिथे टेलिफोन बसवला होता. तो आश्रमात अजून जपून ठेवला आहे. साम्राज्याला एका झोपडीशी कनेक्शन हवं होतं, ते जुळलं. उलट दिशेचं काम जरा अवघड, हे मान्य.

पाचव्या दिवशी आपण आम्हाला आत घेतलंत, हे विसरणार नाही. चार पानी अर्ज भरला, गट नंबर, खाते नंबर, सगळं दोनदा तपासलं आणि ‘सादर करा’ दाबलं. पान पांढरं झालं. अर्ज गेला की मेला, कळेना. पुन्हा दाबावं तर दोन अर्ज होतील, न दाबावं तर एकही नाही. मागे गेलो तर सगळे रकाने कोरे. भरलेलं जपून ठेवण्यासारखा कोतेपणा आपल्या ठायी नाही.

बाबा उठले नाहीत. पोराला म्हणाले, “पावती दे.” पोरगं गोंधळलं. शेवटी त्याने पडद्यावर परत आलेल्या आपल्या त्याच वाक्याची प्रिंट काढून दिली, पाच रुपये घेतले. बाबांनी घडी घालून ती पेटीत ठेवली होती, सातबारा आणि सोसायटीच्या पासबुकाच्या मध्ये. त्यांचं एवढंच म्हणणं आहे की कागदावर शिक्का नाही. म्हणून तो कागद सोबत पाठवत आहे. सही करून परत पाठवावा, ही नम्र विनंती.

कळावे, लोभ आहेच, तो वाढावा.

आपला,
प्रतीक्षेतला अर्जदार