चरबी काढून घेण्याची सोपी कृती (फक्त नवशिक्यांसाठी)

साहित्य : एक पोट (स्वतःचं), मोजायची टेप, चेकबुक, आणि भाचीचं लग्न किंवा कॉलेजच्या बॅचचं स्नेहसंमेलन यांपैकी एक जवळ आलेली तारीख. तारीख नसेल तर पुढं वाचू नये. घाई नसलेला माणूस नादाला लागून चालायला जाऊ लागतो आणि कृती बिघडते.

पायरी १ : चिमटीची परीक्षा
बेंबीच्या बाजूला अंगठा आणि तर्जनीत जे सापडेल ती त्वचेखालची चरबी. चरबी ओढून काढणारी शस्त्रक्रिया असो वा ती गोठवणारं यंत्र, दोन्हींची धाव एवढीच. चिमटीत फारसं काही येत नाही, पण पोट माठासारखं टणक पुढं आलंय? मग ती आतड्यांभोवतीची चरबी. तिथं नळी घालत नाहीत आणि यंत्रही पोचत नाही. मधुमेह आणि हृदयविकार मात्र तिच्याच ओळखीचे. बारीक वाचकांनी लगेच हसू नये. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा जोडफोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’नं छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि पुणेकरांची २१.२ टक्के.

पायरी २ : स्वभाव ओळखा
‘एकदाच काय ते होऊन जाऊ दे’ म्हणणाऱ्यांसाठी लायपोसक्शन. पॅरिसचे डॉ. इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास बोथट नळीनं चरबी ओढून घ्यायला सुरुवात केली. पुढं कॅलिफोर्नियाचे डॉ. जेफ्री क्लाइन यांनी आधी सलाइन, भुलीचं औषध आणि अ‍ॅड्रेनलिन यांचं पाणी त्या भागात भरायची पद्धत आणली, आणि रक्तस्राव खूप कमी झाला. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे घट्ट पट्टा घालायचा, सूज आणि काळंनिळं अंग सांभाळायचं. जंतुसंसर्ग, रक्ताची गुठळी, वरखाली झालेली त्वचा हे धोके संमतिपत्रावर छापलेले असतात. सही करण्याआधी ते वाचण्याची प्रथा नाही, आपण पाडावी.

‘सुरी नको बाई’ म्हणणाऱ्यांसाठी गोठवणं. बर्फाची कांडी चोखणाऱ्या बाळाच्या गालातली चरबी थंडीनं सुजते, हे १९७० मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं होतं. तो धागा धरून बॉस्टनच्या मॅनस्टाइन आणि अँडरसन या डॉक्टरांनी यंत्राची कल्पना मांडली. कमरेच्या वळ्यांसाठी अमेरिकेच्या एफडीएनं २०१० मध्ये त्याला परवानगी दिली. यंत्र वळी आत ओढून थंड करतं, चरबीच्या काही पेशी मरतात आणि दोन-तीन महिन्यांत शरीर त्यांचा निचरा करतं. त्या जागची जाडी साधारण पाचव्या हिश्शानं उतरते. म्हणजे लग्न पुढच्या आठवड्यात असेल तर फोटोत तुम्ही आहात तसेच याल.

क्वचित उलटंही होतं : गोठवलेला भाग आटायच्या ऐवजी वाढून घट्ट होतो. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा यांनी २०२१ मध्ये आपलं तसं झाल्याचं जाहीर केलं. त्यावरचा नेहमीचा उपाय शस्त्रक्रिया. सुरी टाळायला निघालेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं.

पायरी ३ : नातेवाइकांची सोय
लायपोसक्शनला रजा लागते, आणि रजेला कारण. हर्निया हे कारण रूढ आहे, पण मग भेटायला येणारे शहाळी घेऊन येतात आणि टाके बघायला मागतात. यंत्राचं काम जेवणाच्या सुट्टीत उरकतं. मात्र कुणालाच फरक दिसला नाही, तर ‘बारीक झालीस गं’ हे वाक्य ऐकायला आपणच विषय काढावा लागतो.

पायरी ४ : दुकान आणि दवाखाना वेगळे करा
‘दोन भागांवर तिसरा मोफत’ असा फलक असेल तिथं चपला बाहेर काढण्याआधी परत फिरा. लायपोसक्शन करणाऱ्याच्या पाटीवर प्लास्टिक सर्जरीतलं एमसीएच किंवा डीएनबी शोधा. भूल कोण देणार आणि रात्री काही झालं तर कुठं हलवणार, हे विचारा. सल्ला देणारी व्यक्ती आणि पॅकेज विकणारी व्यक्ती एकच असेल, तर तिचा सल्ला जाहिरात समजून ऐका.

पायरी ५ : वजनकाटा लपवा
दोन्ही मार्ग आकार बदलतात, तब्येत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ स्थूल स्त्रियांच्या पोटावरची सुमारे दहा-दहा किलो चरबी काढली. अडीच-तीन महिन्यांनी तपासलं, तर इन्सुलिनला शरीर देत असलेली साथ होती तशीच, रक्तदाबही तसाच. शिवाय उरलेल्या पेशी शाबूत असतात. श्रीखंड सुरू ठेवलंत, तर त्या आपलं काम चोख करतात.

पायरी ६ : निवड
एवढ्यावरही ठरत नसेल, तर पद्धत बाजूला ठेवा. दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकच प्रश्न विचारा : ‘ही चिमटीतली चरबी अशीच राहू दिली तर काय होईल?’ एक जण चेहरा गंभीर करील. दुसरा म्हणेल, ‘काही नाही.’ करून घ्यायचंच असेल, तर या दुसऱ्याकडून घ्या.